सूर्य, चंद्र, गाय आणि बाई

"वाहिल्या की समद्या," मथुराबाई म्हणाली, आणि तिनं अळवाची जुडी ओटीच्या पायरीशी ठेवली.

अनंतशास्त्री वैद्य शनिवार पेठेतल्या आपल्या ओटीवर औषध खलत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही. कानांनी ऐकलं होतं, पण हाताला अजून कळलं नव्हतं, तो आपला घोटतच राहिला. बोळातून एक म्हैस गेली, तिच्यामागून गवळी गेला, समोरच्या घरातून कुणीतरी कुणाला तरी पोथी आणायला सांगितलं. मग शास्त्रीबुवांनी मान वर केली. "काय केलंस म्हणालीस?" "गोळ्या वो. तुमी दिल्याल्या लाल गोळ्या. येक सकाळी, येक सांच्याला. येक दिस चुकवला न्हाई. आता सरल्या, म्हणून मंडईची पाटी तशीच ठिवून आले. आनखी द्या. पोरीचा ताप काय हटंना." "मग पोरीनं खाल्ल्या ना त्या?" मथुराबाई हसली. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं असं कसं विचारावं, असं ते हसू होतं. "पोरीनं कशापायी? देवीच्या म्होरं वाहिल्या. वाहिल्यालं का कुनी खातं? दुसऱ्या दिशी निर्माल्याबरं वढ्यात सोडल्या."

आता हात थांबला. खलातलं औषध अर्धवट घोटलेलं, त्यावर बोट टेकवून ते बसले. कोणती देवी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे गोळ्यांबरोबर दिलेला तो चित्राचा कागद उभा राहिला, वीतभर रुंद, खळ लावून कडक केलेला. मधोमध बाई, तिच्या मांडीवर मूल, बाईच्या हातात लाल ठिपका, शेजारी गाय, वरच्या एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्र. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, मुलाला, दुधातून. इतकं उघड, इतकं सोपं. आंधळ्यालासुद्धा कळेल, असं ते स्वतःच चारचौघांत म्हणाले होते. आणि आता त्याच कागदाकडे ते मथुराबाईच्या डोळ्यांनी बघायला लागले. गावाच्या वेशीवर जो दगड उभा असतो, त्याच्यावर सूर्य-चंद्र असतात. सतीच्या शिळेवर असतात. देवाच्या पाठीमागच्या प्रभावळीत असतात. माणसांच्या डोक्यावर सूर्य आणि चंद्र दोन्ही एकदम कुठं असतात? आणि श्रावण लागलेला. श्रावणातल्या शुक्रवारी घरोघरच्या आया भिंतीवर जिवतीचा कागद लावतात, मांडीवर मूल घेतलेली देवी, लेकरांची राखण करणारी. तिला हळदकुंकू, आघाड्याची माळ, दुधाचा नैवेद्य. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो कागद होता, आज सकाळीच त्याच्याखाली बसून ते दूध प्यायले होते. ठाऊक असून दिसलं नव्हतं, ह्याचाच त्यांना धक्का बसला होता.

"पोर आत्ता कशी आहे?" "निजलीय. रातभर बडबडत व्हती, पाटंच्याला शांत निजली. सासूबाय हायत जवळ." अनंतशास्त्री उठले. गोळ्यांचा बटवा कमरेला खोचला, उपरणं घेतलं, आणि घरात काही न सांगता पायरी उतरले. "चल." "कुठं?" "तुझ्या घरी, कोथरुडाला." मथुराबाईचं तोंड उघडंच राहिलं. वैद्यबुवा कुणब्याच्या घरी निघाले होते, पालखी नाही, मेणा नाही, पायी. "बया, देवीच पावली म्हणायची," ती म्हणाली आणि पदर सावरून पुढं झाली. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, नैवेद्य व्हायचाय अजून." शास्त्रीबुवा बोळाच्या टोकाला पोचले होते.

मथुराबाई भराभर चालत होती आणि तिच्या मागून चालताना त्यांना एकच हिशेब लागला होता. पोर गेल्या आठवड्यात ओटीवर आणली तेव्हा तापानं फुललेली होती, पण जीभ ओली होती, नाडी दमदार होती. औषध वेळेवर पडलं असतं तर एव्हाना अंगणात खेळली असती. नाही पडलं. तरी पोरं चिवट असतात, आठ-आठ दिवस तापात काढून उठतात, त्यांनी पाहिलेलं होतं. निजलीय म्हणजे थकून निजली असेल. आत्ता जाऊन पहिली गोळी आपल्या हातानं घालायची, संध्याकाळपर्यंत तिथंच बसायचं, घाम फुटेपर्यंत हलायचं नाही. हे सगळं मनात जुळवताना त्यांना बरं वाटे, आणि दुसऱ्याच पावलाला 'वाहिल्या' हा शब्द पुन्हा कानात येई आणि जुळवलेलं मोडून जाई.

पेठेत लोक नमस्कार करत होते. "काय शास्त्रीबुवा, इतक्या लगबगीनं? कोणाचं चित्र राहिलं काय?" दातार म्हणून एक कारकून होता, तो दातांत काडी घालून उभा होता. एरवी शास्त्रीबुवांनी त्याला चांगलं ऐकवलं असतं. आज ते तसेच पुढं गेले. चित्रांचं सगळ्या पेठेला ठाऊक होतं. त्यांनीच ठाऊक करून दिलं होतं म्हणा ना. गेल्या वर्षी पागेतल्या एका बारगिरानं गुडघ्याला लावायचा लेप ताकात कालवून पिऊन टाकला आणि दोन दिवस ओकत पडला, तेव्हा सगळी पेठ हसली होती आणि शास्त्रीबुवा मात्र चिडले होते. आपण घसा कोरडा करून सांगायचं, समोरच्यानं 'व्हय, व्हय' म्हणायचं, आणि वेशीबाहेर पडेपर्यंत सगळं विसरायचं. लिहून द्यावं तर वाचतो कोण? अक्षर म्हणजे त्यांच्या लेखी मुंग्यांची रांग. त्या बारगिरानंतर त्यांच्या डोक्यात ही शक्कल आली. लिहायचं नाही, काढून द्यायचं. पोटदुखीला पोटावर हात धरलेला माणूस, खरजेला अंगाला लेप फासणारा, आणि पोरांच्या तापाला हा कागद. शक्कल चांगली होती. अजूनही त्यांना वाटत होतं, शक्कल चांगलीच होती, आणि असं वाटतंय म्हणून त्यांना स्वतःचा संतापही येत होता.

दत्तोबा चितारी हे काढून द्यायचा. वाड्यांच्या छतांवर वेलबुट्टी आणि दिवाणखान्यांच्या भिंतींवर दशावतार रंगवणारा माणूस, श्रावणाच्या तोंडी जिवतीचे कागदही काढून विकायचा. शास्त्रीबुवांनी त्याला बोलावून घेतलं, ओटीवर बसवलं आणि सांगितलं, एक बाई काढ. दत्तोबानं कुंचला ओला केला आणि विचारलं, "बाई कशी काढू, शास्त्रीबुवा?" केवढा साधा प्रश्न. तेव्हा शास्त्रीबुवांना त्याचं हसू आलं होतं. "आता बाई कशी असते हे मी तुला सांगायचं का, दत्तोबा? तुझ्या घरी आहे ना एक?" ओटीवरची मंडळी हसली. दत्तोबा खाली मान घालून काढू लागला. आज त्या कोथरुडच्या वाटेवर शास्त्रीबुवांना कळलं की त्या माणसानं जन्मात साधी बाई काढलेली नव्हती. कोण काढून घेणार? कोण पैसे देणार? त्याच्या हाताला देवी येत होत्या, म्हणून देवी आली, मोठ्या डोळ्यांची, समोर बघणारी. आणि आपण तो कागद हातात धरून म्हणालो, वा. दत्तोबा विचारत होता ते खरंच विचारत होता. त्याला सांगायला हवं होतं की काळी काढ, दमलेली काढ, पदर खोचलेली काढ, बाजाराला निघालेली काढ. त्यांना ते सुचलं नव्हतं, कारण त्यांनीही मथुराबाईकडे नीट कधी पाहिलं नव्हतं.

लाकडी पुलावर आले तेव्हा मुठा दुथडी वाहत होती, गढूळ, मध्येच एखादं झाड घेऊन जाणारी. पुलाच्या फळ्या ओल्या होत्या. मथुराबाईनं पुलावर थांबून नदीला हात जोडले आणि मग ती बोलायला लागली. आनंदानं बोलत होती, हे सगळ्यात वाईट होतं. "शुक्रवारीच दिली तुमी. म्या म्हनलं, वैद्यबुवास्नी कसं कळलं, आमच्यात औंदा कागद आनायचा ऱ्हायला व्हता. घरी जाऊन भिंत सारवली. सासूबाय म्हनल्या, असली देवी गावात कुनाकडं न्हाई, गाईसकट हाय. मग सकाळी उठून गोळी, दुधाची वाटी. सांच्याला दिवा लावून गोळी, दुधाची वाटी. वर सूर्य-चांद काढल्यात न्हवं, त्येच्यावरनं वळखलं म्या. सकाळ-सांच्याला करायचं." शास्त्रीबुवांचा पाय फळीवर अडखळला. म्हणजे तिला कळलं होतं. सकाळ कळली, संध्याकाळ कळली, एकेक कळलं, दूध कळलं. पेठेतल्या शिकल्यासवरल्या लोकांनीसुद्धा इतक्या नेमानं औषध घेतलं नसेल. सगळा कागद तिनं बरोबर वाचला होता, फक्त कोणाच्या तोंडात घालायचं तेवढं राहिलं होतं. त्यांना वाटलं, आत्ता इथं बसून घ्यावं, नदीकडे तोंड करून, आणि कुणाशी काही बोलू नये.

"धाकट्यालाबी राती कणकण आलीया," ती पुढं म्हणाली. "म्हणून म्हनलं जास्तीच्या गोळ्या आनाव्या. दोगांच्या नावानं दोन वाहीन."

हे ऐकून त्यांचं धाबं दणाणलं. सांगायला हवं होतं, ह्याच क्षणी. बाई, देवी नव्हे ती, गोळी पोराच्या तोंडात घाल. एवढी दोन वाक्यं. त्यांनी तोंड उघडलं आणि तिच्या पाठीकडे बघून पुन्हा मिटलं. आत्ता सांगितलं तर ती इथंच मटकन खाली बसेल. हिला घरापर्यंत चालत न्यायला हवी, वाट हिलाच ठाऊक, घर हिलाच ठाऊक. घरी पोचलो की सांगू. पोरीला गोळी दिली, तिनं डोळे उघडले की मग सांगू, तेव्हा सांगणं सोपं जाईल. खरं कारण हे नव्हतं. खरं कारण असं होतं की त्यांना भीती वाटत होती, आणि पन्नाशी ओलांडलेल्या, पेठेत शब्दाला किंमत असलेल्या माणसाला एका कुणबिणीची भीती वाटावी, हे त्यांना नवीन होतं.

एरंडवणं मागं पडलं. दोन्ही बाजूंना बागाईत, चिखलाची वाट, वहाणा हातात घ्याव्या लागल्या. त्यांना राहून राहून तो दिवस आठवत होता, ओटीवर चिक्कार गर्दी, मथुराबाई सगळ्यांच्या मागं पोर कडेवर घेऊन उभी. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी पोरीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, गोळ्या कागदात बांधल्या आणि वरून तिच्या ओंजळीत टाकल्या. "यात दाखवलंय तसं कर." बस्, एवढंच. चित्रं आल्यापासून ते बोलेनासे झाले होते. ओटी कशी शांत झाली होती. तेच तेच सांगणं नाही, 'काय म्हनलासा' नाही, घसा कोरडा नाही. त्यांना ती शांतता फार आवडायला लागली होती. मथुराबाईनं कागद उलगडून बघितला होता आणि कपाळाला लावला होता. हे त्यांनी पाहिलं होतं. पाहून त्यांना काय वाटलं? बरं वाटलं. औषधाबद्दल केवढी श्रद्धा, असं वाटलं. त्यांनी शेजारी बसलेल्या गृहस्थाकडे बघून मान डोलावलीसुद्धा होती. हे आठवलं आणि ते चिखलातून पाय उपसत भराभर चालू लागले.

घर बागेच्या कडेला होतं, दोन खणांचं, पुढं सारवलेलं अंगण. मथुराबाईचा नवरा गेनबा मोट दुरुस्त करायला पलीकडच्या मळ्यात गेला होता. दारातच तिची सासू सोजरबाई बसली होती, मांडीवर धाकटा, वर्षाच्या आतला, किरकिरत होता. वैद्यबुवांना बघून ती गडबडून उठली, पदर डोक्यावर ओढला. "आवो, या, या. मथुरे, देवी पावली बग. पोरीचा ताप उतरला. मघाशी घाम आला आन् आंग गार पडलं. कशी गुमान निजलीय."

अनंतशास्त्री दारात वाकले आणि आत गेले. कुणब्याच्या घरात ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते, पण ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आत अंधार होता. समोरच्या भिंतीवर कागद होता. तेलाचा दिवा, आघाड्याची माळ, बाईच्या कपाळावर आणि मुलाच्या कपाळावर कुंकवाचे एवढाले ठिपके, खाली दुधाची वाटी, आणि पानावर एक लाल गोळी, आज सकाळची. भिंतीखाली गोधडीवर तुळजा झोपली होती, चार-पाच वर्षांची, तोंड भिंतीकडे. ते खाली बसले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तीन बोटं जिथं ठेवायची तिथं ठेवली. मग थोडी वर सरकवली. मग दुसरा हात धरला. आपल्याच बोटांतलं रक्त उडत होतं, ते क्षणभर त्यांना तिचं वाटलं. नाकाशी हात धरला. मग त्यांनी तो हात पुन्हा गोधडीवर ठेवला, हळूच, झोपमोड होऊ नये म्हणून ठेवतात तसा. गार. ताप उतरला होता, हे सोजरबाईनं खरंच सांगितलं होतं.

"गेली," ते म्हणाले.

सोजरबाईनं खाली बसत हंबरडा फोडला, धाकटा दचकून रडायला लागला. मथुराबाई उभीच होती. ती रडली नाही. तिनं पोरीकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग शास्त्रीबुवांकडे. तिच्या चेहऱ्यावर दुःख अजून पोचलं नव्हतं, नुसतं कोडं होतं. "असं कसं?" ती म्हणाली. "समदं केलं की वो. येक दिस चुकवला न्हाई. माजं काय चुकलं? आं? बुवा, तुमाला ठावं आसंल. देवीचं काय चुकलं माज्या हातनं?"

ह्या प्रश्नाला किती उत्तरं होती. आयुष्याची दोरी तेवढीच होती, हे एक उत्तर होतं, आणि ते त्यांनी आजवर शेकडो घरांत दिलं होतं. औषध लागू पडलं नाही, हे दुसरं. माझंच औषध चुकलं, हे तिसरं, आणि तेच द्यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यानं हिच्या उरावरचा धोंडा आपल्या उरावर येईल, पेठेत नाचक्की होईल, होऊ दे. आयुष्यभर ही बाई आपल्याला शिव्या देईल, पण स्वतःला नाही देणार. ते तसं म्हणणारच होते. पण सोजरबाईच्या मांडीवरून धाकट्याचं रडणं येत होतं, आणि ते रडणं कोरड्या, तापलेल्या घशाचं होतं. औषध चुकलं असं म्हटलं तर त्याच्या तोंडात ही बाई गोळी घालील का? गोळ्या ओढ्यात जातील, नाहीतर दुसऱ्या कुठल्या देवापुढं. खरं सांगितल्याशिवाय हे पोर वाचत नव्हतं, आणि खरं सांगितलं तर आई मोडून पडत होती. 

"ती देवी नव्हे," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"मथुरा, इकडे बघ. ती देवी नव्हे. ती तू आहेस." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "ती बाई म्हणजे तू. मांडीवरचं मूल म्हणजे तुळजा. हातात गोळी आहे ती तिच्या तोंडात घालायची होती. दूध तिला प्यायला होतं. मी तसं काढून दिलं होतं."

सोजरबाईचं रडणं थांबलं. मथुराबाई भिंतीजवळ गेली. दिवा उचलून तिनं कागदाजवळ धरला आणि ती बघत राहिली, एखाद्या परक्या माणसाला निरखावं तशी. "ही मी?" ती म्हणाली. "माज्या डोईवर मुगूट कुटं हाय?" अनंतशास्त्री बघायला लागले. मुकुट होता. केसांच्या वर, पिवळ्या रंगात, तीन टोकांचा. इतके दिवस तो त्यांना पदराचा काठ वाटत आला होता. दत्तोबानं काढला होता, त्यांनी पाहिला होता, आणि असे कितीतरी कागद वाटले होते. अजून कुठल्या कुठल्या घरांत, कुठल्या भिंतींवर, कोणाकोणापुढं गोळ्या वाहिल्या जात असतील. 

"तुमी तोंडानं का न्हाई सांगितलं?" मथुराबाईनं विचारलं. रागानं विचारलं नाही. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. "येवढंच सांगायचं व्हतं. पोरीला खायाला घाल. म्या घातली असती."

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं." आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं, माझं चुकलं असं म्हणायचं होतं, पाय धरावे लागले असते तर पायसुद्धा धरले असते, पण ती ऐकत नव्हती. ती सासूच्या मांडीवरून धाकट्याला उचलत होती. "ह्याला किती द्यायची?" "अर्धी. तुझ्याच दुधात उगाळून, बोटानं चाटव." त्यांनी बटव्यातली गोळी काढली, अर्धी केली आणि तिच्या हातात दिली, वरून टाकली नाही, हातात दिली. तिनं दुसऱ्या एका वाटीत आपलं दूध काढून तिच्या बुडाशी गोळी उगाळली. धाकट्यानं तोंड वाकडं केलं, थुंकली. तिनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा थुंकली, थोडी गेली. तिनं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा लावलं, आणि गिळल्याची खात्री करून घेण्यासाठी त्याच्या गळ्यावर बोट ठेवून बघितलं. मग त्याला सासूकडे दिलं.

बाहेर गेनबाला बोलवायला कोणी तरी धावत गेलं होतं. अंगणात शेजारणी जमू लागल्या होत्या, आत यावं की नाही अशा विचारात दारातच थबकल्या होत्या. मथुराबाईनं पानावरची सकाळची लाल गोळी उचलली, दुधाची वाटी ओढली आणि ती तुळजापाशी जाऊन बसली. तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"बुवा, हिला आख्खी का अर्धी?"

"मथुरे," सोजरबाई घाबरून पुढं झाली, "अगं काय करतीस, पोर गेली आपली, मथुरे." अनंतशास्त्र्यांनी हात आडवा धरून तिला थांबवलं. मथुराबाई त्यांच्याकडेच बघत होती, सांगाल तसं करायला तयार.

"अख्खी," ते म्हणाले. "आधी तिचं डोकं मांडीवर घे. मान थोडी उचल. आता दुधात बुडव. सावकाश."